साहेबांच्या झाडाचा शेंडा

त्या झाडाचा शेंडा मी खुडला तेव्हा मी आप्पांना तंबाखूची शेती किती मागासलेली आहे हे समजावून सांगत होतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीच्या शिवारात आमची तंबाखूची जमीन, आणि मी त्या घरातला पहिला मॅट्रिक. त्या काळात मी बेळगावला जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होतो, काळी टोपी घालत होतो आणि आप्पा भेटायला आले की त्यांना सुधारणेचे धडे देत होतो. त्या खेपेला डोळ्यांच्या औषधासाठी त्यांचा मुक्काम लांबला होता, त्यामुळे धडेही लांबले होते. रविवारची सकाळ. आम्ही दोघे सोप्यात बसलेलो. मी म्हणत होतो, "आप्पा, तेच बी, तीच खुडणी, तेच वाळवणं. जगात केवढं काय काय चाललंय..." आणि हे म्हणता म्हणता माझा उजवा हात शेजारच्या कुंडीकडे गेला. कोवळा शेंडा अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे आला, नखाचा हलका दाब पडला आणि तो तुटून माझ्या मांडीवर आला.

आप्पांनी वाकून पाहिलं.

"झ्याक खुडलास की रं," ते म्हणाले. "एवढी बुकं शिकलास, पर हात न्हाय इसरला."

तंबाखू फुलावर यायला लागली की तिचा शेंडा खुडतात. मग झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरतो, पानं रुंद आणि जाड होतात. आमच्याकडे मूल चालायला लागलं की सरीत उभं राहतं आणि सरीत उभं राहिलं की खुडायला शिकतं. त्याला बघावं लागत नाही की विचार करावा लागत नाही. तोंड गप्पा मारत असतं आणि बोटं पुढं पुढं जात असतात. तंबाखूच्या चिकाचा काळा थर माझ्या बोटांवरून निघाला त्याला वर्षं झाली होती. बोटांच्या आतली खुडणी मात्र तशीच होती, आणि हे मला त्या रविवारी कळलं.

पण कुंडीतलं झाड तंबाखूचं नव्हतं. ते साहेबांचं होतं.

आमचे साहेब गोरे, एकटे, आणि झाडांचे वेडे. मराठी त्यांनी खानापूरच्या रानातल्या पहारेकऱ्यांकडून उचललेलं. त्यामुळे कचेरीत साहेब 'व्हय' आणि 'न्हाय' म्हणायचे आणि मी टेबलाच्या अलीकडून "होय साहेब, तसे झालेले दिसते" असं छापील उत्तर द्यायचो. त्यांचा धाकटा भाऊ पार पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावर खाणीत मोजणीदार होता. त्या बेटाचे डोंगर लाल मातीचे, मातीत निकेल. आणि त्याच मातीवर एक सुईसारख्या पानांचं झाड वाढतं, ते त्या बेटाशिवाय दुसरीकडे कुठंच नाही. भाऊ ज्या टेकडीची मोजणी करत होता तिच्यावरच्या झाडांचं बी त्यानं कोळशाच्या भुकटीत घालून डब्यातून पाठवलं. बोटीच्या प्रवासात बहुतेक मेलं. तीन रुजली. दोन पहिल्याच पावसाळ्यात सडली. एक राहिलं.

ते वाढून हातभर झालं तेव्हा साहेब लांब रजेवर विलायतेला निघाले. बंगल्यात दुसरे साहेब राहायला येणार होते आणि त्यांच्याकडे तीन मोठी कुत्री होती. म्हणून कुंडी माझ्या हातात आली.

"तुमी शेतकऱ्याचं प्वार," साहेब मला म्हणाले. "तुमच्या हातात झाड ऱ्हाईल."

झाड दिसायला अगदी नेमकं. मधे काठीसारखं सरळ खोड, आणि त्याला थराथरानं चार-चार, पाच-पाच फांद्यांची कडी. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी त्याला 'दीपमाळ' म्हटलं, आणि म्हटल्यावर मलाही देवळापुढची दगडी दीपमाळच दिसायला लागली.

बायको वडगावची, बेळगावाला लागूनच. माहेरी सगळे विणकर, घरात साड्यांचे माग. त्या रविवारी आप्पांचं 'झ्याक खुडलास' ऐकून ती आतून आली, आणि आधी कुंडीकडे, मग माझ्या मुठीकडे बघायला लागली.

"दीपमाळेचा शेंडा कुठं गेला वो?"

मी मूठ उघडली.

"काय केलासा ह्ये?"

"हात गेला."

"हात गेला म्हंजे? हात काय सोताच्या मनानं हिंडतोय व्हय?"

"पोरी, काळजी करू नगं," आप्पा म्हणाले. "आता पानं बघ कशी रुंद हुत्यात."

"मामंजी, ह्येची पानं सुईएवढी हाईत. रुंद होऊन होऊन काय दाभणाएवढी हुतील?"

तिनं माझ्या हातातून शेंडा घेतला, खोडाच्या टोकावर जसाच्या तसा बसवला आणि ओल्या सुतानं गुंडाळून टाकला. विणकराच्या घरात धागा तुटला की पहिलं काम सांधायचं. कुणाच्या हातून तुटला ही चौकशी माग पुन्हा चालू झाल्यावर. शेंडा पंधरा दिवसांत तपकिरी झाला. चौकशी मात्र हिरवीगार राहिली.

कचेरीत झाडांवरचं एक जाड पुस्तक होतं. आजवर मी त्याचा उपयोग कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून केला होता; आता ते उघडून वाचलं. त्यात लिहिलं होतं, या कुळातल्या झाडाची बाजूची फांदी जन्मभर बाजूलाच वाढते, तिला वर जाणं ठाऊक नसतं. शेंडा गेला तर झाड उंच व्हायचं थांबतं. म्हणजे साहेबांची दीपमाळ आता दीपमाळ राहणार नव्हती. तिचं पसरट ताट होणार होतं. पुढचं पान मी वाचलं नाही. पुढच्या पानावर काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

मी घरी येऊन सगळ्यात वरची एक फांदी निवडली, तिच्याशेजारी काठी रोवली आणि फांदी काठीला उभी बांधली. रोज कचेरीला जाताना तिच्याकडे बघायचो. आठवड्यानं तिचं टोक काठीपासून हळूच लांब व्हायला लागलं. मी आणखी एक गाठ मारली. ते आणखी वाकलं. साहेबांच्या गैरहजेरीत मी चालवलेला तो एवढाच कारभार होता आणि तोही फांदी जुमानत नव्हती.

दर पंधरवड्याला साहेबांना झाडाची खबर लिहायची असा हुकूम होता. मी इंग्रजीत लिहायचो: झाड जिवंत आहे, पाणी वेळेवर दिले जाते, उंचीत विशेष फरक नाही. एकही शब्द खोटा नाही. सरकारी कागद कसा लिहावा हे मी दहा वर्षांत शिकलो होतो, आणि ते शिक्षण पहिल्यांदाच घरच्या कामाला आलं.

दीड-दोन महिन्यांनी तुटलेल्या जागेच्या खाली, खोडालाच, एक हिरवा ठिपका दिसला. चार दिवसांत त्याचा गव्हाच्या दाण्याएवढा कोंब झाला. मी आप्पांना बोलावलं. आप्पांनी औषध घातलेले डोळे बारीक करून बघितलं.

"फुटवा हाय. काढ त्येला."

"काढायचा?"

"आरं, शेंडा खुडला की बगलंला फुटवं येत्यात. तंबाखूला येत न्हाईत व्हय? ठिवलास तर तुझ्या बांधलेल्या फांदीचं बळ खाईल."

बायको दारात उभी होती. "आपसूक आलंय ते काढायचं कशाला?" ती म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

ज्या शेतीला मी इतके दिवस मागासलेली म्हणत होतो, तिचा सल्ला मी शास्त्र म्हणून मान्य केला आणि फुटवा काढला. या वेळी हात आपल्या मनानं गेला नव्हता. या वेळी मी डोळे उघडे ठेवून, पूर्ण विचार करून, वडिलांच्या संमतीनं चूक केली.

आठवड्यानं साहेबांचं पत्र आलं. इंग्रजी साधंच होतं, पण मी ते तीनदा वाचलं. भावाचं त्यांना पत्र आलं होतं. ती टेकडी खाणीनं उघडली. बी ज्या झाडांचं होतं ती तोडली, मुळांसकट लाल मातीचा थर काढला, आता तिथं पायऱ्या पायऱ्यांचा उघडा उतार आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी थोडी झाडं आहेत म्हणतात; पण तिथंही गुरांसाठी रान जाळून मोकळं करतात. भावानं लिहिलं होतं की त्या टेकडीचे नकाशे त्यानंच काढले होते. आणि खाली साहेबांनी मला लिहिलं होतं: माझ्या भावाला काही सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे की एक झाड बेळगावात वाढतं आहे. ते खरंच वाढतं आहे ना, तेवढं कळवा.

मी खिशातून एक आण्याचं नाणं काढलं. नागमोडी कडेचं, निकेलचं. ते त्या टेकडीतलंच असेल असं नाही. जगात निकेलच्या टेकड्या पुष्कळ असतील. तरी त्या दिवशी त्या आण्याचे चुरमुरे घ्यावेसे वाटले नाहीत.

घरी आलो आणि बांधलेल्या फांदीच्या गाठी सोडल्या. इतके दिवस उभी धरलेली फांदी सावकाश आडवी झाली आणि पहिल्या जागी जाऊन थांबली. तिच्याकडे बघताना मला काढलेला फुटवा आठवला. फांद्या सगळ्या आडव्या निघतात; तो खोडातून सरळ वर निघाला होता. तो फुटवा नव्हता, नवा शेंडा होता. झाड माझी चूक आपणहून दुरुस्त करत होतं आणि मी ती दुरुस्ती नखानं काढून टाकली होती. हे मी बायकोला सांगितलं. साहेबांचं पत्रही वाचून दाखवलं.

पुढचे तीन आठवडे ती रोज सकाळी कुंडीशी बसून खोड बघायची. एके दिवशी मी कचेरीतून आलो तर दारात टांगा उभा. ती पदर खोचून कुंडी उचलत होती.

"कुठं निघालीस?"

"वडगावला."

"अगं, पण मधेच?"

"दुसरा कोंब आलाय. खाली, पुसटसा. तुमी बगायच्या आत मी बगितले." तिनं कुंडी टांग्यात ठेवली. "दिवस गेलेल्या लेकीला जपायला माहेरी नेत्यात. हिला मी नेतो. ह्या घरात तुमी दोघं बाप-लेक हाईसा, आणि दोघांचीबी बोटं चांगली न्हाईत."

आप्पा सोप्यातून म्हणाले, "सूनबाई, फुटवा असंल तर..."

"मामंजी!"

माझ्या आठवणीत सुनेनं सासऱ्याला गप्प केल्याची आमच्या घरातली ती एकमेव वेळ, आणि आप्पांनी ती शेवटपर्यंत कौतुकानं सांगितली.

वडगावच्या घरात कुंडी मागाशेजारच्या खिडकीत बसली. तिथं उजेड भरपूर, कारण सूत तुटलं तर दिसायला हवं. सासूबाई शुक्रवारी कुंडीला कुंकू लावायच्या. मेहुण्यानं शेजारी एक बारीक काठी रोवली आणि कोंब जिथवर पोचेल तिथं काठीवर उरलेल्या सुताची एक गाठ मारायचा: या खेपेला हिरवी, पुढच्या खेपेला जांभळी, जी साडी मागावर असेल त्या रंगाची. मला रविवारी भेटायला परवानगी होती. हात पाठीमागं धरून बघायचं, असा नियम होता आणि तो सासूबाई स्वतः पाळून घ्यायच्या. जावयाचा एवढा अपमान वडगावात त्याआधी झाला नसावा. पण कोंब वर जात होता. आधी जरा वाकडा, मग सरळ. चौथ्या गाठीशी त्याला इवल्या इवल्या चार फांद्यांचं कडं आलं, आणि त्या रविवारी मी हात पाठीमागं धरून उभा असतानाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, सुताला लावलेल्या खळीचा वास सोसत नाही.

साहेबांना तरीही मी खरं लिहिलं नाही. 'प्रकृती सुधारत आहे' इतपत पुढं गेलो.

साहेब परतले त्या दिवशी कचेरीत येऊन त्यांनी टोपीही काढली नाही.

"झाड?"

"साहेब, झाड माझ्याकडे नाही."

"मेलं?" ते इतक्या हळू म्हणाले की मला ते ऐकू आलं नाही, दिसलं. मी नोकरीत त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

"नाही, नाही साहेब. माहेरी आहे."

"कुनाच्या?"

मग मी सगळं सांगितलं. खुडणी, सांधलेला शेंडा, बांधलेली फांदी, काढलेला फुटवा. छापील मराठी मधेच कुठं तरी संपलं आणि मी निपाणीच्या मराठीत सांगायला लागलो. साहेबांनी एकच विचारलं, "टांगा हाय का?"

बायको त्या दिवशी वडगावातच होती. साहेब वाकून आत आले तसे घरातले दोन्ही माग थांबले. एवढ्या शांततेत ते घर मी कधी ऐकलं नव्हतं. साहेब कुंडीपुढं गुडघे टेकून बसले. जुनी जखम बोटानं चाचपली. मग नव्या शेंड्याला हात न लावता त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी काठीवरच्या गाठी त्यांच्या लक्षात आल्या. मेहुण्यानं त्या काय आहेत ते सांगितलं. साहेबांनी एकेक गाठ मोजली, वरपासून खालपर्यंत, आणि माझ्याकडे वळले.

"दर पंधरा दिसाला तुमी मला लिवलासा, उंचीत फरक न्हाय."

"ते खरं होतं, साहेब."

"व्हय. लई वाईट खरं हुतं."

मग ते माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, पुस्तकात पुढच्या पानावर हाय ह्ये. शेंडा मोडला तर खोडातनं नवा येतोय, त्येला हात लावू नगा. तुमी पुस्तक वाचलासा?"

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "ह्यांनी वाचलंय."

साहेबांना पुढच्या वर्षी पेन्शन होणार होती. विलायतेच्या थंडीत झाड जगलं नसतं आणि बंगला कुणाच्या हाती जाईल ते माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी ते वडगावातच, माझ्या सासुरवाडीच्या परसात लावायचं ठरवलं. परसातली माती काळी; त्यांनी काकतीच्या डोंगराकडची लाल माती गाडीभर आणवली आणि खड्डा स्वतः उभं राहून भरून घेतला. सगळं झाल्यावर हात झटकत ते म्हणाले, "आता मोठं हुईल. आमी कुनी ऱ्हानार न्हाय तवाबी ऱ्हाईल. पर एकटं हाय. जोडीला दुसरं न्हाय. बी धरलं तरी पोकळच निगंल." मग त्यांनी मेहुण्याकडे ती गाठींची काठी मागितली. भावाला पाठवायची होती.

आता साहेब गेले, यंदा त्यांचं सरकारही गेलं. आप्पाही गेले. झाड परसातल्या पेरूच्या वर गेलं आहे, आणि खालून तिसऱ्या थराशी खोडाला एक बाक आहे, तो पाहुण्यांना दाखवायचा मान घरातले लोक मलाच देतात.

साहेबांचं ते 'एकटं हाय' मात्र मला त्या दिवशी लागलं होतं. लावणी आटोपून आम्ही नवरा-बायको वडगावहून चालत घरी येत होतो. मी तिला म्हणालो, "टेकडी गेली, सोबतची झाडं गेली. जगवलं खरं आपण, पण एवढ्या मोठ्या जगात एकटंच की गं ते."

ती चालता चालता म्हणाली, "एकटं कसलं वो? आमच्या परसात हाय ते. उद्या सकाळधरनं गल्लीतल्या समद्या बायका येऊन इचारतील, ह्ये काय, कुठलं, कवा फुलतंय, भाजीला चालतंय काय. चार दिवसांत त्येलाच वाटंल, वाईच एकटं ऱ्हायलो असतो तर बरं झालं असतं."